यंदा पांघरूण लागलंच नाही

आमच्या घरात थंडी पडली की नाही, हे खोबरेल तेलाची बाटली ठरवते. बेसिनच्या वरच्या फळीवर ती उभी असते. धाकटा उठला की आधी तिच्याकडे जातो, बाटली आडवी करून उजेडात धरतो आणि घरभर ऐकू जाईल असं जाहीर करतो. तेल पूर्ण गोठलेलं असलं तर "दगड", कडेकडेनं पांढरं झालं असलं तर "साय", आणि नुसतंच पातळ असलं तर काहीही न बोलता ब्रश तोंडात घालतो. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आत आलं की गोठायला लागतं, हे त्याला त्याच्या ताईनं सांगितलंय. तेव्हापासून ती बाटली त्याची झाली. तिची जागा बदललेली त्याला चालत नाही.

नाशिकच्या हिवाळ्यात ही बाटली दिवाळीनंतर दगड होते आणि महाशिवरात्रीच्या आसपास सुटते. रविवारी डोक्याला तेल लावायचं म्हटलं की आधी गरम पाण्याच्या तांब्यात ती उभी करावी लागते. यंदा, म्हणजे २०२३ चा डिसेंबर निम्मा सरला, तरी "साय"च्या पुढे काही जाईना. पॅसिफिक महासागराचं पाणी तापलं की आपल्याकडचीही हवा बिघडते, त्या एल निनोबद्दल पेपरात रोज काहीतरी छापून येत होतं. पहाटे अंगणात धुकं असायचं, आभाळ भरलेलं असायचं, पण दार उघडल्यावर अंगावर येणारा तो गार झोत नव्हता. कपाटाच्या वरच्या खणातली बॅग मी नेहमीप्रमाणे दिवाळीनंतर खाली काढली. स्वेटर उन्हात घातले, गोधड्या झटकल्या. त्यानंतर महिनाभर ते सगळं तसंच पलंगाच्या कडेला घडी घालून पडलं होतं.

मोठी नववीत आहे, धाकटा चौथीत. धाकट्याची शाळा सकाळची. पावणेसातला व्हॅनवाले काका खाली हॉर्न देतात. गेल्या वर्षीपर्यंत डिसेंबर-जानेवारीत त्याला उठवणं हे एक मोठं काम असायचं. गोधडीत गुंडाळलेलं ते गाठोडं मी तसंच उचलून हॉलमध्ये आणायची, सोफ्यावर ठेवायची, आणि तो पाच मिनिटं माझ्या मांडीवर डोकं ठेवून अर्धा झोपेत दूध प्यायचा. यंदा तो हाकेसरशी उठतो. स्वतः उठतो, बाटली बघतो, आवरतो. मला सगळे म्हणतात, किती छान, सुटलीस! मीही "हो ना" म्हणते. पण ती पाच मिनिटं कुठे गेली, हे मला अजून कळलेलं नाही. थंडी नाही म्हणून गेली, की तो साडेनऊ वर्षांचा झाला म्हणून?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री झोपायच्या आधी मी दोन्ही खोल्यांत एक चक्कर मारते. मुलं तान्ही होती तेव्हापासूनची सवय आहे. कुणाचे पाय उघडे पडलेत, कुणाची गोधडी जमिनीवर गेलीय, ते सारखं करायचं आणि मग दिवा मालवायचा. त्या रात्री मोठीच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती, अंगावर काही नव्हतं. पायाशी शाल होती, ती मी उलगडून तिच्या खांद्यापर्यंत ओढली. ती जागीच होती. वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, मला गरम होतंय. प्लीज, विचारून घालत जा ना."

आवाजात राग नव्हता. मी "बरं" म्हटलं, शाल परत पायाशी ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच ओटा पुन्हा पुसला. चौदा वर्षं ज्या गोष्टीला कधी विचारावं लागलं नाही, तिला आता विचारायचं होतं. तिचं म्हणणं बरोबरच होतं. गरम होत असताना माणसानं पांघरूण का घ्यावं? शिवाय चौदाव्या वर्षी स्वतःच्या अंगावर काय असावं, हे तिनं नाही ठरवायचं तर कुणी? सगळं पटत होतं, आणि तरीही घशाशी काहीतरी अडकून राहिलं. आपल्याकडे पांघरूण घालणं म्हणजे चुका झाकणंही. ते दुसरं पांघरूणही मी दोघांवर पुष्कळ घातलंय. हरवलेली कंपासपेटी, फुटलेली बरणी, शाळेतून आलेली चिठ्ठी. तिथंही ती एक दिवस म्हणेल, आई, विचारून घालत जा.

आमच्याकडे एक मोठी गोधडी आहे. सासूबाईंच्या आईनं शिवलेली. आत जुनी धोतरं, वर नऊवारी लुगड्यांचे पदर. एक जांभळा आहे, एक हिरवा, आणि मधे एक चौकोन खणाचा, जो आता इतका विटलाय की मूळचा रंग कोणता हे सासूबाईंनाही सांगता येत नाही. हातानं घातलेला धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकटीत चौकट असा आत आत जातो. एका कोपऱ्यात टाके मोठे आणि वाकडे आहेत. तो कोपरा सासूबाईंनी आठ-नऊ वर्षांच्या असताना आईशेजारी बसून शिवला होता. गोधडीला धुतल्यावर दोन दिवस ऊन लागतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गच्चीवरून आणली की तिच्यात तोंड खुपसावंसं वाटतं. उन्हाचा, सुताचा आणि थोडा धुराचा असा तो वास आहे. धुराचा वास कुठल्याही साबणानं जात नाही, आणि तो जावा असं घरात कुणालाच वाटत नाही.

त्यातला थोडा धूर २०१८ सालचा आहे. त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही निफाडजवळ, सासरी मळ्यात होतो. नाशिक जिल्ह्यात थंडीचा आकडा म्हणजे निफाडचा आकडा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तो मोजतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात राज्यात सर्वांत कमी म्हणून बरेचदा तोच असतो. आमच्या घरी पेपर उघडला की आधी निफाडचा पारा वाचतात आणि मग आपल्या शहराचा. २७ डिसेंबरला तो १.८ अंशांवर आला. आकडा आम्ही नंतर वाचला. आदल्या रात्री एवढंच कळत होतं की अंगावर कितीही घेतलं तरी जमिनीतून गारठा वर येतोय. मोठी तेव्हा नऊ वर्षांची होती, धाकटा चार. शेवटी आम्ही चौघं एका गादीवर, एका गोधडीखाली झोपलो. मधे मुलं, कडेला आम्ही. धाकट्याचे बर्फासारखे पाय माझ्या पोटाला लागलेले, मोठीचं नाक माझ्या दंडाशी. ती म्हणाली, "आई, मी आत्ता अजिबात हलणार नाहीये, तू पण हलू नकोस." नाही हलले. हात बधिर झाला तरी नाही हलले.

पहाटे चारला बाहेर हालचाल सुरू झाली. भाऊजी आणि घरातले बाकीचे बागेत शेकोट्या पेटवत होते. द्राक्षमण्यांत गोडी उतरायला लागलेली असते, आणि अशा वेळी पारा एवढा खाली आला की मणी तडकतात. म्हणून ओळींच्या मधे, बांधाच्या कडेनं जागोजाग आग पेटवून धूर करायचा आणि मोटर चालू करून ठिबकनं पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार असतं. हौदातून वाफ निघत होती. मुलं उठलीच. तीच गोधडी दोघांना मिळून गुंडाळली आणि शेकोटीपाशी उभं केलं. धाकट्यानं हौदात हात घातला आणि ओरडला, "काकांनी गिझर लावलाय!" उजाडलं तेव्हा बांधावरच्या गवतावर, पाचटावर पांढरं काहीतरी पसरलेलं होतं. दव गोठलं होतं. तो वाकून बघत राहिला आणि त्यानं विचारलं, इथं साखर कुणी सांडली?

घरातल्या सगळ्यांसाठी ती रात्र काळजीची होती. भाऊजींचा चेहरा मला अजून आठवतो. दर दहा मिनिटांनी ते एखादा घड हातात धरून बॅटरीच्या उजेडात मणी बघत होते. तरीही आमच्या मुलांना त्यांच्या लहानपणातली सगळ्यात आवडती रात्र विचारली, तर दोघंही तीच सांगतात. धाकट्याला त्यातलं खरं किती आठवतं आणि ऐकलेलं किती, कोण जाणे. पण तो ती सांगतो मात्र अगदी मधोमध झोपलेल्या माणसासारखी.

माझं स्वतःचं लहानपण जुन्या नाशकात गेलं, तांबट लेनच्या जवळ एका वाड्यात. दिवसभर भांडी घडवण्याची ठकठक कानावर असायची. आमच्या मोरीबाहेर तांब्याचा बंब होता. आजी पहाटे त्यात ढलप्या आणि गोवरीचा तुकडा घालून तो पेटवायची. मधल्या नळीतून आधी पांढरा दाट धूर, मग निळसर, आणि मग खालच्या जाळीतून लाल निखारे दिसायला लागले की आम्ही भावंडं त्याच्याभोवती गोळा. पाठ शेकायची, मग वळून पोट शेकायचं. आंघोळीचा नंबर लागला तरी कुणी हलायचं नाही. "तू जा", "नाही, तू आधी" असं चालायचं. काढलेल्या बादलीएवढं गार पाणी वरून ओतायची शिस्त होती आणि ती मोडली की आजीचा आवाज चढायचा. शाळेचा अभ्यास, कोण कुणाशी बोलत नाही, बाबांना काय सांगायचं नाही, सगळं त्या बंबापाशी ठरायचं. आजीला आमच्याबद्दल जे काही ठाऊक होतं, ते तिनं तिथेच राख ओढता ओढता ऐकलेलं असणार. तिनं कधी आम्हाला समोर बसवून "बोल, काय झालंय?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. तिला ते करावंच लागलं नाही.

शाल परत ठेवली त्या रात्रीनंतर मला हा बंब फार आठवायला लागला. थंडी माणसांना एका जागी आणते. शेकोटी असो, बंब असो, गोधडी असो, कुणीच "मला तुझ्याजवळ बसायचंय" असं म्हणत नाही. थंडी वाजतेय, एवढंच म्हणतात. ते पुरतं. मुलं लहान असतात तेव्हा हे निमित्तही लागत नाही, ती अशीच येऊन अंगावर पडतात. मोठी व्हायला लागली की निमित्त लागायला लागतं, आणि आमची मोठी नेमकी त्या वयाला आली त्या वर्षी थंडीच पडली नाही.

सुट्टीत आम्ही यंदाही मळ्यात गेलो. या वेळी तिथं वेगळीच काळजी होती. २६ नोव्हेंबरला, रविवारी, निफाड भागात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या होत्या. भाऊजींच्या एका बागेतले घड गारांनी फुटले. दुसरी बाग थोडक्यात वाचली, पण त्यानंतर हवा काही मोकळी होईना. डिसेंबरच्या सुरुवातीला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि चाळीतल्या, शेतातल्या कांद्याचा भाव बसला, तो घोर वेगळाच. मी विचारलं, "भाऊजी, थंडी नाही म्हणजे यंदा शेकोट्यांचा तरी त्रास नाही ना?" ते म्हणाले, "वहिनी, शेकोटी परवडली. दोन रात्री जागलं की झालं. ह्या ढगाळ हवेनं वेलीवर भुरीची बुरशी येती, अन् तिच्यामागं फवारणीच फवारणी. कोरडी थंडी असली की बागेला बी झोप अन् आपल्याला बी."

गारांतून वाचलेल्या बागेत घडांना पेपर लावायचं काम चालू होतं. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत फरक वाढला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते. खायला काही बिघडत नाही, पण व्यापारी तो माल बाजूला काढतो. म्हणून एकेका घडाभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून वरून पिन मारायची. हजारो घड, म्हणजे रद्दी किती लागत असेल! बायका भराभर हात चालवत होत्या. आमची दोघंही त्यांच्यात मिसळली. मोठीचा हात वरपर्यंत सहज पोचत होता. गेल्या खेपेला ती शेकोटीपाशी उभी होती तेव्हा मांडवाखालून ताठ चालत जायची. आता तिला मान वाकवून चालावं लागत होतं. कागद लावता लावता ती थांबली आणि हाक मारली, "आई, हे बघ." तिच्या हातातल्या जुन्या पानावर मथळा होता, निफाडचा पारा घसरल्याचा. कुठल्या तरी मागच्या वर्षीची थंडी ती यंदाच्या घडाला पांघरत होती. तिनं तो कागद नीट, मथळा बाहेर दिसेल असा गुंडाळला आणि पिन मारली.

त्या दिवशी बांधावर भाकरी खाताना धाकट्यानं विचारलं की ढग आहेत तर थंडी जास्त पडायला हवी, सूर्य नाही ना दिसत. मोठीनं त्याला समजावलं. ती समजावते तेव्हा हातातला घास तसाच राहतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री तिची ऊब वर सोडते. आभाळ मोकळं असलं तर ती निघून जाते, आणि पहाटेपर्यंत जमीन आणि तिच्यालगतची हवा गार पडते. ढग असले की ऊब खालच्या खाली राहते. "म्हणजे बघ," ती म्हणाली, "यंदा आभाळानंच गोधडी घेतलीय. म्हणून आपल्याला लागत नाहीये." धाकट्याला हे फार आवडलं. मी पाण्याचा तांब्या घ्यायला वाकले, कारण डोळे भरून आले होते आणि तिथं त्याचं कारण सांगणं अवघड होतं.

भोगी यंदा रविवारी आली, १४ जानेवारीला. धुंधुरमासाचा शेवटचा दिवस. सासूबाई आमच्याकडे होत्या. धुंधुरमासात सूर्य उगवायच्या आत स्वयंपाक करून, सूर्याला नैवेद्य दाखवून उजाडताच जेवायचं, ही त्यांची पूर्वापारची पद्धत. पूर्वी घरात महिनाभरात दोन-तीनदा तरी व्हायचं, आता एकदा झालं तरी खूप. पहाटे पाचला आम्ही दोघी ओट्यापाशी होतो. भोगीच्या भाजीत वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे, बोरं आणि उसाचे करवे. तिळाचं कूट. मुगाची खिचडी. आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या. सासूबाई परातीत भाकरी थापतात तेव्हा तिळाचा दाणा इकडेतिकडे होत नाही. त्या आधी परातीत तीळ पसरतात, वर गोळा ठेवून थापतात, आणि पाणी फिरवायची बाजू ती ठेवतात जिला तीळ नाहीत. मी इतकी वर्षं बघतेय आणि माझे तीळ अजून तव्यावर उडतात. मोठी कधी येऊन मागे उभी राहिली कळलं नाही. "आजी, मी एक करू?" सासूबाईंनी परात तिच्याकडे सरकवली. तिची भाकरी नकाशासारखी झाली, एका बाजूला तीळच तीळ. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, ही माझी." आणि ती त्यांनी खरंच स्वतःच्या ताटात घेतली.

गच्चीवर ताटं नेली. साडेसहा झाले, पावणेसात झाले, सूर्याचा पत्ता नाही. धाकटा भुकेनं कासावीस. त्याचा हिशोब असा होता की २२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, त्यानंतर दिवस वाढतो, तर मग सूर्य लवकर यायला हवा. हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. मोठीनं सांगितलं की आपल्याकडे सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यावरच. दिवस वाढायला लागतो, पण तो संध्याकाळच्या बाजूनं. सकाळ मागून येते. सासूबाईंनी मान डोलावली. "आम्ही म्हणायचो, संक्रांत झाली की दिवस तिळातिळानं वाढतो. पण कुठल्या बाजूनं वाढतो ते नव्हतं हो ठाऊक." सातच्या पुढं दहा मिनिटांनी समोरच्या इमारतीच्या टाक्यांमागे लाल कड दिसली. नैवेद्य झाला आणि आम्ही ते जेवलो. लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवल्या ठेवल्या वितळला. गार हवेत तो कसा हळूहळू विरतो, ते मजेनं बघत बसायची वेळ यंदा आली नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. पतंग, तिळगूळ, हळदीकुंकू, यात तो दिवस कुठे गेला कळलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन-तीन रात्री बऱ्यापैकी गारठल्या. धाकट्यानं एकदा "दगड!" अशी आरोळी ठोकली आणि मी पळत जाऊन बाटली बघून आले. गोधडी काढली. पण मोठीच्या शाळेत घटक चाचणी होती, ती उशिरापर्यंत दार लावून अभ्यासाला बसलेली, आणि धाकट्याला सर्दी झाली म्हणून तो सासूबाईंजवळ झोपला. चौथ्या दिवशी पुन्हा ढग.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते. यंदा ती ६ फेब्रुवारीला होती. त्याआधी दोन-चार दिवस दिंड्या नाशकातून पुढे जातात. टाळांचा आवाज आला की त्र्यंबक रोडच्या आसपासची माणसं चहा, केळी, खिचडी घेऊन रस्त्यावर येतात. आमच्या कॉलनीतले लोकही पहाटे मोठी पातेली चढवतात. मोठी चहा गाळत होती, धाकटा कप नेऊन देत होता. एक आजी आल्या. डोक्यावर बोचकं, त्याच्यावर घडी करून बांधलेली एक पातळ गोधडी. कप घेतला आणि मोकळ्या हातानं मोठीच्या गालावरून हात फिरवला. मी म्हटलं, "मावशी, थंडी नाही वाजत पहाटे?" त्या म्हणाल्या, "औंदा न्हाई बाई थंडी. लई बरं झालं. देवळाच्या ओट्यावर उघड्यावर निजलो सगळ्या जणी, काई वाटलं न्हाई." आणि कप परत देऊन त्या दिंडीत मिसळल्या. मी दोन महिने ज्या थंडीची वाट बघत होते, ती पडली असती तर या बाईंची रात्र कशी गेली असती, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या बोचक्यावरची ती गोधडी, आमच्या पलंगाच्या कडेला पडून असलेल्या गोधडीच्या निम्म्या जाडीची होती.

परत येताना धाकट्याला निवृत्तिनाथांची गोष्ट हवी होती. चार भावंडं. निवृत्ती थोरला, तोच ज्ञानदेवांचा गुरू. मग सोपान, आणि सगळ्यात धाकटी मुक्ता. गावानं वाळीत टाकलेली, आईबापाविना राहिलेली ही मुलं. एकदा मुक्तेला मांडे करायचे होते आणि भाजायला गावात कुणी खापर द्यायला तयार होईना, तेव्हा ज्ञानदेवांनी आपली पाठ तापवली आणि तिनं त्यावर मांडे भाजले. धाकट्यानं पूर्ण गोष्ट ऐकली आणि ताईला म्हणाला, "तू माझ्यासाठी पाठ तापवशील?" ती म्हणाली, "तू आधी मांडे करायला शीक." मग दोघं पुढे धावत गेली.

त्याच महिन्यात बातमी आली की चौथीपर्यंतच्या शाळा पुढच्या वर्षापासून सकाळी नऊच्या आत भरवायच्या नाहीत, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. आमचा धाकटा जूनमध्ये पाचवीत जाईल.

एकादशीच्या दोन दिवसांनंतर मी गोधड्या परत बॅगेत भरायला घेतल्या. दुपारी चांगलंच तापायला लागलं होतं. लहान दोन भरल्या. मोठी गोधडी राहिली. ती हातात घेऊन मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग तशीच उचलून मोठीच्या खोलीच्या दारापाशी गेले. रात्रीचे दहा वाजून गेले होते. दार लोटलेलं होतं. टकटक केलं. ती पलंगावर पालथी पडून वाचत होती.

"मी थोडा वेळ इथं बसू?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. माझ्या हातातल्या गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बस ना."

मी तिच्या पायाशी बसले. गोधडी मांडीवरच ठेवली, तिच्या अंगावर नाही घातली. ती वाचत राहिली. पान उलटलं, अजून एक उलटलं. बाहेर सोसायटीचे वॉचमन गेट ओढून घेत होते. मग तिनं पुस्तकात बोट ठेवलं, दुसऱ्या हातानं डोक्याशी चाचपून पंख्याचं बटन दाबलं आणि रेग्युलेटर दोनवर नेला. पंखा कुरकुरत फिरायला लागला. दिवाळीनंतर तो लावलाच नव्हता, पात्यांवरची धूळ खाली आली. ती भिंतीकडे सरकली आणि तिनं शेजारी जागा केली.

"आता घाल," ती म्हणाली.

मी गोधडी उलगडली. आम्ही दोघींनी पाय आत घेतले. ती आता लांबीला कमी पडते, तिची बोटं पलीकडे बाहेर राहिली होती. पंख्याचा आवाज ऐकून धाकटा दारात आला, एका हातात खोबरेलची बाटली.

"आई, पंखा का लावलाय? थंडी आहे?"

"आहे," मोठी म्हणाली, "ये लवकर, दार लाव."